दाबून ठेवलेली स्प्रिंग

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात माझ्या टेबलामागच्या खिडकीत एक बोल्ट उभा करून ठेवलेला होता. त्यात एक स्प्रिंग ओवली होती, वर-खाली वॉशर होते आणि नट आवळून ती स्प्रिंग निम्म्याहून खाली दाबली होती. बोल्टाच्या डोक्याला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर माझ्याच अक्षरात तारीख आणि लांबी. नवीन आलेली पोरं विचारायची, "मॅडम, हे कसलं सँपल?" जुनी माणसं परस्पर सांगून टाकायची, "ते अण्णांचं आहे, हात लावू नको."

अण्णा म्हणजे माझे वडील. राज्य राखीव पोलीस दलात होते, दौंडला. नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांची कोतात गेली. कोत म्हणजे जिथं हत्यारं ठेवतात, मोजून देतात आणि मोजून परत घेतात ती खोली. ती स्प्रिंग त्यांच्या एका वाक्यामुळे खिडकीत उभी होती. ते वाक्य असं: "मॅगझीन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते."

कळायला लागल्यापासून मी हे ऐकत आले. आमच्या घरात ते वाक्य कोतापुरतं राहिलं नव्हतं. बॉलपेनचं बटण दाबलेलं राहिलं तर अण्णा ते टिचकी मारून मागे घ्यायचे आणि मगच दप्तरात टाकायचे. कपड्यांचे चिमटे काडीला लावून ठेवलेले दिसले की आईला म्हणायचे, "काढून डब्यात टाक, ताण राहतो त्यांच्यावर." आई काढायची. ताण राहिला की जीव जातो, मोकळं ठेवलं की टिकतं, हे आम्ही भावंडांनी पाढ्यांसारखं पाठ केलं होतं.

बंदुकीचं मॅगझीन ज्यांनी कधी हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कोठार या अर्थाच्या अरबी शब्दावरून हे नाव आलं, आणि वस्तू म्हणजे खरोखर एक छोटं कोठारच. पत्र्याची किंवा प्लास्टिकची उभी डबी. आत एक लांब स्प्रिंग, तिच्या डोक्यावर एक पाट, त्याला आरमोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे लोक, प्लॅटफॉर्म म्हणतात. एकेक राउंड, म्हणजे काडतूस, वरून अंगठ्यानं दाबायचं, प्लॅटफॉर्म खाली जातो, स्प्रिंग आवळत जाते. डबीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत वळलेल्या कडा असतात, त्या लिप्स. त्यांनी वरचं राउंड धरून ठेवायचं. गोळी सुटली की बंदुकीतला सरकता दांडा (त्यालाही बोल्टच म्हणतात) मागे जाऊन पुढे येतो आणि वरचं राउंड ढकलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, नेतो. तो परत येईपर्यंत पुढचं राउंड जागेवर आलेलं असलं पाहिजे. डोळ्याची पापणी लवायच्या आत. बाकी सगळं कितीही भारी पोलादाचं असो, ही एक तार वेळेवर उठली नाही तर हातात लोखंडाचा दांडा उरतो.

मी पहिल्यांदा मॅगझीन हातात घेतलं ते खंडेनवमीला. तिसरीत असेन. त्या दिवशी दलाच्या मैदानात मांडव पडायचा. सतरंजीवर पांढरी चादर, तिच्यावर थ्री-नॉट-थ्री, एसएलआर, कार्बाइन अशा बंदुका ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीच्या दस्त्यावर हळदीकुंकवाचं बोट आणि झेंडूची माळ. वसाहतीतल्या बायका ताटं घेऊन यायच्या. अण्णा कडक इस्त्रीच्या खाकीत एका बाजूला उभे, आणि नजर सारखी ओळीवर, कारण त्यांच्या दृष्टीनं ती पूजा असली तरी कोताबाहेर आलेला माल होता आणि संध्याकाळी मोजून आत जायचा होता. त्यांनी कार्बाइनचं रिकामं मॅगझीन माझ्या हातात दिलं. वाकडं, काळं, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतचं. तेलाचा वास होता, शिवणयंत्राला घालतात तसल्या तेलाचा. "दाब," म्हणाले. मी अंगठा लावला. कार्बाइनच्या मॅगझीनमध्ये पाटाऐवजी दोन छोटे रूळ असतात, ते अंगठ्याखाली गोल फिरले आणि बोटभर खाली गेले. सोडल्यावर इतक्या जोरात वर आले की मी हात मागे घेतला. "परत दाब." परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबायला गेले तर काढून घेतलं. "पुरे. तिला पण कळतं."

स्प्रिंगला कळतं, हे मी त्या दिवशी खरं मानलं. पुढे मेकॅनिकलला गेले, स्प्रिंगच्या कारखान्यात लागले, आता पंचवीस वर्षं झाली, पण तो रूळ अंगठ्याखाली फिरलेला अजून आठवतो.

अण्णांचे नियम असे होते. एसएलआरचं मॅगझीन वीस राउंडचं, भरायची अठरा. कार्बाइनचं चौतीसचं, भरायची तीस. बंदोबस्ताहून तुकडी आली की सगळी मॅगझीन रिकामी करायची, राउंड मोजायची, मॅगझीन कापडानं पुसून उलटी ठेवायची. पहाऱ्यावरची जी भरलेली ठेवावीच लागतात त्यांची पाळी लावायची, म्हणजे आज भरलेलं उद्या रिकामं आणि उद्याचं परवा. "माणसाला साप्ताहिक सुट्टी लागते, तिला नको?" त्यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक यामुळे चपटं आणि टणक झालं होतं. अजून आहे. भाकरीचा गरम तुकडा ते त्या अंगठ्यानं सहज धरतात.

दोन राउंड कमी भरायची ही रीत काही दौंडची नव्हे. ती जगभर आहे आणि जुनी आहे. ब्रेन गन ही हलकी मशीनगन आपल्या पलटणींनी दुसऱ्या महायुद्धात वापरली. मूळ झेक बनावट, म्हणून ब्रनो गावाचं ब्र आणि इंग्लंडातल्या एनफिल्डचं एन. तिचं वाकडं मॅगझीन तीस राउंडचं, पण जवान अठ्ठावीस भरायचे. स्टेनगनचं बत्तीसचं, त्यातही दोन-चार कमी. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिक एम-१६ रायफलच्या वीसच्या मॅगझीनमध्ये अठरा भरायचे. माणसं वेगळी, कारखाने वेगळे, आणि अंगठ्यानं काढलेला निष्कर्ष एकच. एवढ्या माणसांना एकच गोष्ट जाणवते तेव्हा तिच्यात काहीतरी असतं, हे मी नोकरीत शिकले. ते 'काहीतरी' म्हणजे त्यांनी सांगितलेलं कारणच असेल असं मात्र नाही.

कारखान्यात लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाकडून पेटी परत आली. आत आमच्याच दाबाच्या स्प्रिंगा, आणि चिठ्ठीवर दोन शब्द, 'स्प्रिंग बसली'. पाठवताना सगळ्या सारख्या उंचीच्या होत्या. परत आल्या तेव्हा टेबलावर उभ्या केल्यावर तीनेक मिलिमीटरनं बुटक्या, आणि त्याही कमी-जास्त, शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेसारख्या. माझ्याकडे बघून आमचे फोरमन म्हणाले, "लाइट गेली होती त्या रात्रीचा लॉट हा." कॉइलिंग झाल्यावर स्प्रिंग भट्टीतून काढावी लागते, साधारण अडीचशे अंशांवर. तार गुंडाळताना तिच्या अंगात जे पीळ आणि ओढ अडकलेली असते ती त्या उबेत सुटते. त्या लॉटला ती ऊब पुरती मिळालीच नव्हती. वरून बघितलं तर चांगल्या आणि वाईट स्प्रिंगेत काही फरक नव्हता. तीच तार, तेच वेढे, तोच निळसर तपकिरी रंग.

'बसली' हा शब्द मला तेव्हापासून फार आवडतो. आमच्या धंद्यात मराठी माणूस दोन शब्द वेगळे वापरतो, आणि गंमत म्हणजे पुस्तकातलं शास्त्र त्या दोन शब्दांत बरोबर मावतं. स्प्रिंग बसते आणि स्प्रिंग तुटते. बसणं म्हणजे दाबून ठेवली, सोडली, आणि पूर्वीइतकी वर आली नाही. तुटणं म्हणजे हजारो वेळा खाली-वर झाली आणि एक दिवस एका वेढ्यात चीर पडून दोन झाली. अण्णांचं 'मरते' या दोन्हींवर पसरलेलं होतं. माझा आणि अण्णांचा वाद मिटायला इतकी वर्षं लागली त्याचं एक कारण हेच, की आम्ही दोघं एकाच शब्दानं दोन वेगळ्या मरणांबद्दल बोलत होतो.

आधी बसण्याचं बघू. रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये छापून सांगितलं की जितका ताण तितका जोर. दोन वर्षं आधी त्यानं हेच वाक्य अक्षरं उलटीपालटी करून कोड्यात लपवून ठेवलं होतं, कोणी ढापू नये म्हणून. हा नियम एका मर्यादेपर्यंत खरा. त्या मर्यादेच्या आत पोलादातले अणू आपापली जागा सोडत नाहीत. फक्त एकमेकांपासून किंचित सरकतात, आणि हात काढला की परत. त्यांना एक मिनिट धरलं काय आणि एक वर्ष धरलं काय. मर्यादा ओलांडली की थर थरावरून घसरतो आणि तिथंच राहतो. ती स्प्रिंग बसली. आणि इथं एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. बसलेली स्प्रिंग मऊ होत नाही, बुटकी होते. तिचा ताठपणा तोच असतो. पण ती खालून सुरुवात करते, म्हणून प्रत्येक उंचीला तिचा जोर पूर्वीपेक्षा कमी भरतो. मॅगझीनमध्ये हे कुठं कळतं? स्प्रिंग जिथं सर्वात सैल असते तिथं, म्हणजे शेवटच्या दोन-तीन राउंडांना.

मर्यादेच्या अगदी काठावर दाबली तर साध्या तापमानालाही पोलाद थोडं थोडं सोडतं, हे खरं आहे. पण ते कसं सोडतं ते महत्त्वाचं. पहिल्या तासांत, पहिल्या दिवसांत काय ते सोडतं, मग वेग मंदावत मंदावत जवळजवळ थांबतो. म्हणूनच चांगला कारखाना स्प्रिंग मुद्दाम जरा उंच गुंडाळतो आणि पाठवण्याआधी दोन-तीनदा पार वेढ्याला वेढा टेकेपर्यंत दाबून काढतो. जे बसायचं ते इथंच बसून घे. सासरी जाताना मुलीचं रडून घेणं असतं तसं ते, आमचे फोरमन म्हणायचे. नव्या मॅगझीनची स्प्रिंग पहिल्यांदा भरून ठेवल्यावर थोडी आखूड झालेली दिसते ती हीच राहिलेली बैठक. तिथून पुढे ती वर्षानुवर्षं तशीच राहते, जर तार चांगली असेल, ऊब पुरती मिळालेली असेल आणि तिला काठाबाहेर दाबायची वेळ येत नसेल तर.

आता तुटण्याचं. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढून पेटले, पन्नासाहून जास्त माणसं गेली. आसावर कोणी नेहमीपेक्षा जास्त वजन टाकलेलं नव्हतं. तो रोजच्याच ओझ्याखाली फिरत होता. पुढे ऑगस्ट वोलर या जर्मन रेल्वे अभियंत्यानं वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून दाखवलं की एका वेळच्या ओझ्यानं जे कधी मोडणार नाही ते त्याहून कितीतरी हलक्या ओझ्यानं मोडतं, ते ओझं पुरेशा वेळा आलं-गेलं तर. धातू थकतो तो ओझ्याच्या येण्याजाण्यानं. एका जागी उभ्या असलेल्या ओझ्यानं हा थकवा येत नाही.

मी अण्णांना हे मोटारसायकलवरून सांगायचा प्रयत्न केला. गाडी ४००० आरपीएमला चालली की इंजिनाचा एकेक व्हॉल्व्ह मिनिटाला २००० वेळा उघडतो, आणि प्रत्येक वेळी त्याची स्प्रिंग दाबली जाते. तुमच्या कोतातलं मॅगझीन रोज एकदा भरलं आणि एकदा रिकामं केलं तर वर्षाला ३६५ वेळा. व्हॉल्व्हची स्प्रिंग तेवढं अकरा सेकंदांत करते, दौंडच्या स्टेशनापासून पुलापर्यंतही जायच्या आत. आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळ्यांच्या गाड्या महिनोन् महिने पार्किंगमध्ये उभ्या होत्या तेव्हा? इंजिन बंद पडतं तेव्हा कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहू शकतो. ती स्प्रिंग तितके महिने दाबलेलीच. गाड्या बाहेर काढल्यावर लोकांच्या बॅटऱ्या उतरलेल्या निघाल्या, टायर बसलेले निघाले. व्हॉल्व्हची स्प्रिंग बसली म्हणून कोणी गॅरेजला गेलेलं मी ऐकलं नाही.

अण्णा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "इंजिनात जागा भरपूर असते."

हा माणूस सातवीपर्यंत शिकलेला. त्यांनी नेमकं तिथं बोट ठेवलं जिथं माझं उदाहरण लंगडं होतं. व्हॉल्व्हची स्प्रिंग करोडो फेऱ्यांसाठी बांधतात, म्हणून तिच्यावरचा ताण मर्यादेच्या बराच आत ठेवतात. मॅगझीनवाल्याला ती चैन नाही. त्याला त्याच डबीत जास्तीत जास्त राउंड कोंबायची असतात आणि उरलेल्या फटीत स्प्रिंग मावली पाहिजे. लांब पल्ल्याची, पूर्ण दाबल्यावर चिमूटभर होणारी, तरी शेवटच्या राउंडला जोर देणारी. अशी स्प्रिंग काठाजवळच राहते. जुनी, ऐसपैस मॅगझीन आणि आजची आखूड पिस्तुलाची, पंधरा-सतरा राउंड गिळणारी मॅगझीन यांना एक नियम लावता येत नाही. दुसरी काठाला चिकटून असतात, भरून ठेवल्यावर ती थोडी जास्त बसतात, आणि तिथं एखाद-दोन राउंड कमी ठेवण्याला अर्थ आहे. शेवटच्या दोन राउंडांनी वाढणारा ताण हा पहिल्या दहांनी वाढलेल्या ताणासारखा नसतो. स्प्रिंग तिथं काठावर पाय ठेवत असते.

दोन कमी भरण्यातलं दुसरं शहाणपण स्प्रिंगच्या आयुष्याशी संबंधितच नाही. ठासून भरलेलं मॅगझीन बंद बोल्टखाली लावायला गेलं की वरच्या राउंडला खाली सरकायला जागा उरत नाही. खट्कन बसल्यासारखं वाटतं, आणि बसलेलं नसतं. भरलेल्या डबीत राउंडांचं वजन आणि घासणंही सर्वात जास्त, त्यामुळे पहिल्या उठावालाच स्प्रिंगचा सगळ्यात मोठा कस लागतो. ब्रेनच्या राउंडला तर बुडाला कड असायची. एकीची कड दुसरीच्या मागे अडकली की संपलं. अठ्ठावीस भरणाऱ्या जवानाला हे सगळं कागदावर मांडता आलं नसतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की तीस भरली की अडकते.

आणि जे खरंच झिजतं त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. सगळा दोष स्प्रिंगच्या नावावर जातो. मॅगझीनच्या लिप्स बघा. भरलेलं मॅगझीन असताना स्प्रिंगचा सगळा जोर त्या दोन कडांवर असतो, अहोरात्र. पोलादी कडा ते सोसतात, पण मॅगझीन सिमेंटवर तोंडघशी पडलं की एक कड केसभर उघडते आणि राउंड भलत्या कोनात वर येतं. ॲल्युमिनियमच्या कडा फाकतात, तडकतात. प्लास्टिकचं तर निराळंच. प्लास्टिक साध्या तापमानालाही ओझ्याखाली हळूहळू सरकतं, आणि ते सरकणं पोलादासारखं लवकर थांबत नाही. एका बाजूनं रेललेली मोल्डेड खुर्ची काही वर्षांनी तशीच वाकडी राहते, तेच हे. म्हणून काही प्लास्टिकच्या मॅगझीनांना वरून लावायचं झाकण देतात. ते वरच्या राउंडला किंचित खाली दाबून धरतं आणि कडांवरचा भार काढून घेतं. स्प्रिंग त्यानं उलट कणभर जास्तच दाबली जाते, आणि तरी बनवणाऱ्याला ती काळजी वाटत नाही. त्याला काळजी कडांची आहे. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलचं मॅगझीन अर्धपारदर्शक प्लास्टिकचं. कारगिलच्या थंडीत ती तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तिथं स्प्रिंग चांगली होती, घर फुटलं होतं.

मग गंज. गडचिरोलीच्या पावसातून तुकडी परत आली की मॅगझीनच्या तळातून तांबडं पाणी निघायचं, असं अण्णा सांगायचे. तारेवरचा गंजाचा एक खड्डा म्हणजे चिरेची सुरुवात. आणि धूळ. आणि तेलात कालवलेली धूळ, जी खरवडावी लागते. एकच राउंड रोज चेंबरमध्ये चढवून रोज काढलं तर त्याची गोळी काडतुसाच्या पुंगळीत मागे दबत जाते, तेही वाईट. त्यातून गोळी झाडताना आतला दाब वाढतो.

अण्णांना या सगळ्याचं एवढं का लागायचं, हे मला मोठेपणी कळलं. कोतात नवी पोरं आली की ते त्यांना एक गोष्ट सांगायचे. नाईक यशवंत घाडगे यांची. माणगाव भागातला मुलगा, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले. ते एकटे धावून गेले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगननं आणखी एकाला पाडलं. समोर दोघे उरले आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी गन नळीकडून धरली आणि दस्त्यानं त्या दोघांना मारलं. मग लपलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. पदकाच्या मानपत्रात मॅगझीन बदलायला वेळ नव्हता हे लिहिलेलं आहे. अण्णा तिथं थांबायचे आणि पोरांना विचारायचे, "आणि वेळ मिळाला असता, दुसरं लावलं असतं, आणि त्यातलं पहिलं राउंड वर आलंच नसतं तर? त्या मॅगझीनवर कोणाचा हात फिरला असता? कोतवाल्याचा."

मी हे ऐकलं तेव्हा मला माझ्या त्या परत आलेल्या पेटीची आठवण झाली. लाइट गेली त्या रात्रीची.

२०२१ च्या मार्चमध्ये मी तो बोल्ट उभा केला. आमच्याच एका लॉटमधली पोलादी तारेची स्प्रिंग घेतली, ऊब मिळालेली, तीनदा दाबून बसवलेली. फ्री लेंथ, म्हणजे न दाबलेली लांबी, व्हर्नियरनं मोजली, लिहिली, मॅगझीनमध्ये असते तशी खोल दाबून नट आवळला. अण्णांना फोन केला. "तुमची स्प्रिंग भरून ठेवलीय. आता बघू मरते का." ते हसले नाहीत. म्हणाले, "किती वर्षं ठेवणार?" मी म्हटलं, तुम्ही सांगाल तितकी. त्यानंतर ते दर दिवाळीला विचारायचे, एखाद्या लांबच्या नातेवाइकाची चौकशी करावी तसं.

मधे एकदा, दौंडला अंगणात बसलो होतो तेव्हा मी त्यांना सरळच म्हटलं, "अण्णा, तुम्ही पाळी लावून मॅगझीन रिकामी करायचात, त्यानं स्प्रिंगला आराम मिळत नव्हता. उलट एकेक फेरी वाढत होती. ती सोसण्याइतकी थोडी होती ते सोडा, पण फायदा तिला काही नव्हता."

बराच वेळ ते अंगठ्याचं टोक दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाबत बसले. मग म्हणाले, "रिकामी केल्याशिवाय राउंड मोजता येतात का?"

"नाही."

"लिप वाकलीय हे भरलेल्या मॅगझीनवर दिसतं का?"

"नीट नाही दिसत."

"तळात गंज?"

मी काही बोलले नाही.

"वीस वर्षांच्या पोराला रात्रपाळीवरून आल्यावर सांगितलं ना, की बाबा रे, रिकामं कर, मोज, पूस, बघ, तर तो उद्या करतो म्हणतो. स्प्रिंग मरते म्हटलं की करतो. मलाही माझ्या उस्तादानं असंच सांगितलं होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं. मला खरंच वाटायचं मरते म्हणून. अजून वाटतं." आणि जरा थांबून, "पण मोजायचो मी त्यासाठी नाही."

अंगठ्यानं दाबून अण्णा मॅगझीन बाजूला काढायचे, हे मला तेव्हा नव्यानं आठवलं. शंभरातलं एखादं. दाबायचे, परत दाबायचे, मान हलवायचे आणि वर्कशॉपच्या पेटीत टाकायचे. तिथं नवी स्प्रिंग पडायची. बसलेली स्प्रिंग म्हणजे बुटकी स्प्रिंग, आणि बुटक्या स्प्रिंगचा पहिला जोर हलका लागतो. आमच्याकडे हे ओळखायला लोड टेस्टर आहे, वर्षातून एकदा त्याची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. रोज सकाळी शंभर मॅगझीन रिकामी केली नसती तर त्या अंगठ्याला चांगल्या-वाईटातला फरक कशानं कळला असता?

गेल्या खंडेनवमीला अण्णा भोसरीला आले. कारखान्यात त्या दिवशी मशीनं धुऊन पुसून हार घालतो. कॉइलिंग मशीनला, भट्टीला, लोड टेस्टरला, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरसुद्धा पाटावर मांडून. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, जिना चढायला वेळ लागतो. प्रसाद घेतला आणि थेट माझ्या टेबलापाशी आले. "सोड तिला," म्हणाले.

पान्यानं नट सैल केला. अर्ध्या फेरीनंतर धूळ सुटली, मग स्प्रिंग वॉशरला रेटत वर येऊ लागली, एकेक आटा, बोल्टवर टिकटिक करत. नट निघाला तेव्हा ती शेवटचा बोटभर आपणहून उसळली. अण्णांनी ती उचलली, तळहातावर उभी केली, अंगठा ठेवून दाबली. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली नाही. माझ्या हातात दिली.

पाटावरचं व्हर्नियर मी उचललं, त्यावरचं कुंकू पुसलं. जबडे टेकवले, वाचलं. चिकटपट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघितलं. फरक मला दिसला नाही. तसं त्यांना सांगितलं.

"परत मोजलीस का?" त्यांनी विचारलं.

मी परत मोजली.